अटी आधी सांगा, पैसे मग घ्या : डीजीसीए आणि विमान कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली
तसेच देशातील सर्व प्रवासी विमान कंपन्यांचे भरती विभागप्रमुख

विषय : वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या भरतीच्या अटी पूर्ण, लेखी आणि वेळेआधी जाहीर करण्याबाबत

महोदय, महोदया,

मी अमरावती जिल्ह्यात अचलपूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या मुलीकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे. आपल्याच कार्यालयाने दिलेला, सगळ्या परीक्षा आणि उड्डाणाचे सगळे तास पूर्ण करून मिळवलेला. नोकरी नाही. माझी एक माजी विद्यार्थिनी केबिन क्रूच्या मुलाखतींना जाते आणि का नाकारले हे न कळता परत येते. शिवाय दर वर्षी बारावीचा निकाल लागला की पालक घरी येतात. ‘मॅडम, पोराला पायलटचं करू द्यावं का?’ ‘पोरीला एअर होस्टेसच्या कोर्सला घातलं तर लागेल का कुठे?’ त्यांना मी काय सांगावे, हे मला आपल्याकडून हवे आहे. खासगीत लिहून पाहिले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझे म्हणणे एकच आहे. विमान कंपन्यांना कोण हवे, किती हवेत आणि कोणत्या अटींवर हवेत, हे उमेदवाराच्या घरातून पैसा बाहेर पडण्याआधी त्याला लेखी कळले पाहिजे. आज ते कळते तेव्हा शेत विकलेले असते किंवा घर बँकेकडे गहाण पडलेले असते.

आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले. त्याच विमानतळाला लागून एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचे आणि त्यासाठी ३४ विमाने ठेवण्याचे तिचे जाहीर नियोजन आहे. आमच्यासारख्या भागाला, जिथल्या हुशार मुलाने पुण्याला जायचे हे ठरूनच गेलेले असते, ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण त्या आनंदाच्या आडून वेगळ्याच लोकांचे फलक परतवाडा-अचलपूरच्या चौकाचौकांत लागले. बारावीनंतर थेट विमानात, शंभर टक्के नोकरी, मर्यादित जागा. आई-वडील ते वाचतात आणि बेलोऱ्याची बातमी व फलकावरचे आश्वासन एकच समजून चालतात.

दुसरे कारण डिसेंबर २०२५ चे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम योग्यच आहेत. थकलेल्या माणसाच्या हाती दीड-दोनशे जीव देऊ नयेत. पण इंडिगोने, म्हणजे देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीने, त्यांच्यासाठी पुरेसे मनुष्यबळ उभे केलेले नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली, ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून अधिक. शेवटी याच नियमांत त्या कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होते, पायलट कमी पडले. नातेवाईक मला फोन करून विचारत होते, ‘पायलट कमी आहेत म्हणतात, मग तुमची मुलगी घरी का?’

हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवते आहे, कारण त्याचे खरे उत्तर आपल्याला माहीत आहे आणि आपण ते मोठ्याने सांगत नाही.

नागरी हवाई वाहतूक मंत्री के. राममोहन नायडू यांनी सांगितले आहे की येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३०,००० वैमानिक लागतील. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्या वर्षी डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, तोवरचा विक्रम. हे सगळे आकडे खरे आहेत. पण पालकांपर्यंत ते अर्धेच पोचतात. आज ज्यांची ओढाताण आहे ते कप्तान आहेत. कप्तान व्हायला एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचा परवाना लागतो आणि त्यासाठी १,५०० तासांचे उड्डाण लागते. ती जागा भरायला कंपन्या परदेशी कप्तानांना तात्पुरत्या परवानगीवर आणतात. दोनशे तासांचा नवा परवानाधारक तिथे बसू शकत नाही. त्याला आधी सहवैमानिक म्हणून घ्यावे लागते, आणि सहवैमानिकाच्या किती जागा यंदा निघणार, पुढच्या वर्षी किती, हे कोणतीही कंपनी जाहीर करत नाही. ‘३०,००० वैमानिक लागणार’ हे वाक्य मात्र प्रत्येक प्रशिक्षण संस्थेच्या माहितीपत्रकात असते.

आता क्रमाने तक्रारी मांडते.

वैमानिकांपासून सुरुवात करते. परवान्यासाठी डीजीसीएने घातलेल्या अटींबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एकूण २०० तास. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, त्यात एक फेरी किमान ३०० सागरी मैलांची आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १० तास केवळ उपकरणांवर विसंबून. ५ तास रात्रीचे, दहा उड्डाणे आणि दहा उतरण्यांसह. हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम, तांत्रिक विषय आणि रेडिओ संभाषण यांच्या परीक्षा. भौतिकशास्त्राची शिक्षिका म्हणून मला हा तक्ता आवडतो. प्रत्येक अट मोजता येते, आपण कुठे आहोत हे मुलाला रोज कळते, आणि पूर्ण केली की कोणी नाही म्हणू शकत नाही. माझी मागणी फार तर एवढीच आहे की परवान्याच्या अटींना जी शिस्त आहे तीच नोकरीच्या अटींना लागावी.

कारण परवाना हातात आला की ही शिस्त संपते. परवान्यापर्यंत पोचायला आज साधारण चाळीस ते साठ लाख रुपये लागतात. त्यानंतर कळते की एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान चालवण्याची मान्यता, वेगळी मिळवायची असते, सिम्युलेटरवर, आणि त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. कोणत्या विमानाचे करायचे? ज्या कंपनीची भरती निघेल तिच्या विमानाचे. भरती कोणाची निघेल? ते माहीत नाही. म्हणजे मुलाने अंदाजाने पंधरा लाख लावायचे. ए३२० चे केले आणि दार बोइंगवाल्या कंपनीचे उघडले, तर ते पैसे तेवढ्यापुरते वाया.

माझ्या मुलीच्या बाबतीत असे झाले. एका कंपनीच्या जाहिरातीत टाइप रेटिंग नसले तरी चालेल असे होते. तिने अर्ज केला, लेखी परीक्षा दिली, मुलाखतीपर्यंत गेली. तिथे सांगण्यात आले की टाइप रेटिंग असलेल्यांचा आधी विचार होईल. हीच गोष्ट जाहिरातीत लिहिली असती, तर तिने आणि तिच्यासारख्या अनेकांनी ती फेरी केलीच नसती. त्याच्या पुढच्या खेपेला दुसऱ्या एका कंपनीने परवाना मिळून ठरावीक काळाच्या आत असलेल्यांचेच अर्ज मागवले. पहिल्या वर्षी अनुभव कमी, नंतर परवाना जुना. या दोन अटींच्या मधली वेळ कधी येते आणि कधी निघून जाते, हे उमेदवाराला आधी कळण्याची सोय नाही.

आणि परवाना नुसता कपाटात ठेवून चालत नाही. क्लास वन वैद्यकीय तपासणी दर वर्षी. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे केवळ उपकरणांवर विसंबून उडवण्याच्या मान्यतेची, चाचणी दर वर्षी. हात सुटू नये म्हणून अधूनमधून उड्डाण, तेही स्वतःच्या खर्चाने, तासाच्या भाड्याने. कर्जाचा हप्ता वेगळाच. नोकरी नसलेल्या मुलाला नोकरीसाठी पात्र राहायलाच लाखो रुपये लागतात, हे मी कोणत्याही माहितीपत्रकात वाचलेले नाही. सरकारी मदतीने शिकलेल्यांचेही वेगळे नाही. राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेच्या योजनेतून नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये इतर मागासवर्गातल्या मुलांना वैमानिक होण्याची संधी मिळते, हे फार मोलाचे काम आहे. पण परवान्यानंतरचा टाइप रेटिंगचा टप्पा त्याही मुलांना ओलांडावाच लागतो.

कंपन्यांच्या कॅडेट योजनांबद्दलही बोलले पाहिजे. ज्या घराला एक कोटीच्या आसपास रक्कम उभी करता येते, त्या घरच्या मुलाला कंपनी आधीच निवडते, आपल्या पसंतीच्या संस्थेत शिकवते, टाइप रेटिंग त्यातच देते, आणि पुढे अटी पूर्ण केल्यास घेतेही. योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. निवड आधी आणि खर्च मग, हा तिचा क्रम उलट सगळ्यांत प्रामाणिक आहे. पण सहवैमानिकाच्या बहुतेक जागा अशा योजनांतूनच भरायच्या असतील, तर बाहेरून परवाना काढणाऱ्या मुलांसाठी किती उरतात हे त्यांना सांगा. धुळे, बारामती, गोंदिया, जळगाव इथे उड्डाण शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचा तो हक्क आहे.

भरतीत घेतल्या जाणाऱ्या क्षमता चाचण्यांचे थोडक्यात सांगते: कंपास, अॅडॅप्ट, कट-ई अशा चाचण्यांत नापास झालेल्या मुलाला आपण हात-डोळ्यांच्या मेळात कमी पडलो, गणितात की एकाच वेळी दोन कामे करण्यात, हे कळत नाही. त्याला ‘निवड झाली नाही’ एवढेच कळते, आणि पुन्हा बसण्याआधी काही महिने थांबावे लागते. कोणत्या गोष्टीची तयारी करत थांबायचे?

बारावीच्या अटीबद्दल मला आपुलकीने बोलायचे आहे, कारण तो माझाच विषय आहे. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही अट नव्हती. २०२५ मध्ये ती काढण्याचा प्रस्ताव आल्याच्या बातम्या आल्या. वैमानिकाला लागणारे भौतिकशास्त्र ग्राउंड क्लासमध्ये, म्हणजे उड्डाणाबाहेरच्या वर्गात, शिकवता येते, असे माझे प्रामाणिक मत आहे. कला किंवा वाणिज्य शाखेतून आलेले मूल पंखावरचा दाब समजू शकत नाही असे कोणी म्हणेल तर मी ते मान्य करणार नाही. पण अट सरकारने काढली आणि कंपन्यांनी आपापल्या जाहिरातीत भौतिकशास्त्र, गणित, इंग्रजी यांच्या टक्केवारीची अट तशीच ठेवली, तर काय होईल? कला शाखेची मुले मोठ्या उत्साहाने साठ लाख खर्चून परवाना काढतील आणि मग कंपनीच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर अडतील. सरकारी अट आणि कंपनीची अट यांत अंतर असू शकते, हे मला मान्य आहे. ते अंतर मुलाला प्रवेश घेताना दिसले पाहिजे.

वैद्यकीय तपासणीचेही तेच. रंगांधळेपणा किंवा हृदयाचा एखादा दोष मोठी रक्कम भरून झाल्यावर उघडकीस आला, तर ते पैसे परत येत नाहीत. क्लास वन तपासणी आधी, प्रवेश शुल्क मग, असा सक्तीचा क्रम लावायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

आता केबिन क्रूकडे येते. इथे माझा राग जास्त आहे, कारण इथे अटी कमी लिहिलेल्या आणि जास्त पाहिलेल्या असतात.

जाहिरातीत सहसा एवढे असते: वय १८ ते २७ च्या आसपास, मुलींची उंची किमान १५५ सेंटिमीटर, वजन उंचीच्या प्रमाणात, बारावी उत्तीर्ण, इंग्रजी आणि हिंदी अस्खलित, दिसेल असा टॅटू नको, कांती नितळ. माझी विद्यार्थिनी यातल्या मोजता येणाऱ्या प्रत्येक अटीत बसते. ती अंबा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला वॉक-इन मुलाखतीला गेली. हॉटेलच्या दारात रांग, उंची मोजली, पाच-सहा जणींना एकत्र उभे केले, नाव-गाव विचारले, थोडे चालायला सांगितले आणि दुपारपर्यंत ‘आम्ही कळवू’ असे सांगून मोकळे केले. कळवले नाही. दुसऱ्या वेळी दुसऱ्या कंपनीत तिच्या उजव्या हातावरच्या भाजल्याच्या डागाकडे बघून चौकशी झाली. लहानपणी चुलीपाशी भाजलेला हात आहे, पूर्ण बरा झालेला आहे, त्या हाताने ती सगळी कामे करते. त्यानंतर तिला लग्नाचे काय ठरले आहे असेही विचारले. निकाल नेहमीचाच.

डागामुळे नाकारले का, इंग्रजीमुळे, की चालण्यामुळे? की लग्नाच्या उत्तरामुळे? तिला माहीत नाही. म्हणून ती सगळ्याच गोष्टी सुधारत बसते. डाग झाकायचे महागडे क्रीम, इंग्रजीचा क्लास, ग्रूमिंगचा क्लास.

केबिन क्रू हे सुरक्षेचे पद आहे, हे आपणच सांगता. दर ५० आसनांमागे एक केबिन क्रू सदस्य लागतो तो चहा द्यायला नाही. विमान प्रमाणित होताना निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत रिकामे करून दाखवावे लागते, ते काम प्रत्यक्षात करायची वेळ आली तर हीच माणसे करतात. ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत अपहृत विमानातून प्रवाशांना वाचवताना मुंबईच्या नीरजा भनोत मारल्या गेल्या आणि देशाने त्यांना अशोक चक्र दिले, ते याच कामासाठी. मग निवडीच्या अटीही त्या कामावरून ठरल्या पाहिजेत. उंचीची अट कशासाठी? डोक्यावरच्या कप्प्यातल्या सुरक्षा साहित्यापर्यंत हात पोचावा म्हणून. तर मग हात किती उंच पोचला पाहिजे ते लिहा. एमिरेट्ससारखी कंपनी उंचीबरोबर टाचा उचलून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोचला पाहिजे असे स्पष्ट सांगते. आमची मुलगी घरातल्या भिंतीवर खूण करून ते तपासू शकते आणि नसेल पोचत तर मुंबईची गाडी पकडणार नाही.

वजनाचे गणित मी वर्गात करून दाखवले आहे. डीजीसीएने २०१४ मध्ये केबिन क्रूसाठी घालून दिलेल्या वैद्यकीय नियमांत सामान्य बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचे माप) पुरुषांना १८ ते २५ आणि स्त्रियांना १८ ते २२ असा होता. १५५ सेंटिमीटर उंचीला २२ म्हणजे सुमारे ५३ किलो आणि २५ म्हणजे ६० किलो. म्हणजे एकाच उंचीच्या भावाला ६० किलोपर्यंत सामान्य म्हणायचे आणि बहिणीला ५३ च्या वर जादा वजनाची म्हणायचे. दार दोघांनी सारख्याच ताकदीने उघडायचे आहे. या सात किलोंचे वैद्यकीय कारण असेल तर ते जाहीर करावे. नसेल तर स्त्री आणि पुरुषांसाठी एकच माप असावे.

इंग्रजीचे बघा. वैमानिकाच्या इंग्रजीला आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. एक ते सहा पातळ्या, किमान चौथी हवी, आणि उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन, संवाद अशा सहा अंगांनी ती तपासतात. माझ्या मुलीला तिची पातळी कागदावर मिळाली. केबिन क्रूच्या मुलीला असे काहीच मिळत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने इंग्रजी शिकू नये, तिच्यासाठी पातळी खाली आणावी, असे मी मुळीच म्हणत नाही. ती शिकेल. आमची मुले शिकतात. पण किती शिकायचे ते सांगा, आणि मोजा.

लग्नाच्या प्रश्नाबद्दल आठवण करून द्यावी लागते. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींनी, नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हा लढा १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याचा नियम न्यायालयाने तेव्हा रद्द ठरवला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली, आणि त्याची सल आजही अनेकींच्या मनात आहे. त्या निकालाला चार दशके उलटली. लेखी अट नसताना तोंडी प्रश्न विचारून तेच साधले जात असेल, तर ते थांबवणे कंपन्यांच्या हातात आहे.

आणि या सगळ्या न लिहिलेल्या अटींवर एक बाजार उभा आहे. नागपूर, अमरावती, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, जिथे जाल तिथे केबिन क्रूचा डिप्लोमा देणारी संस्था सापडते. शुल्क लाखाच्या घरात. कंपन्या निवडलेल्या उमेदवारांना स्वतःच प्रशिक्षण देतात, डीजीसीएने मान्य केलेले सुरक्षा प्रशिक्षण तिथेच होते, आणि अर्ज करायला असा कोणताही डिप्लोमा लागत नाही. हे आपल्याला माहीत आहे. भरतीसाठी आम्ही पैसे घेत नाही अशी सूचना कंपन्यांच्या संकेतस्थळावर असतेही, इंग्रजीत, कुठेतरी तळाला. आमच्या गावातल्या बापाने ती कधी वाचावी? काही संस्था मन लावून शिकवतात, मुलींना आत्मविश्वास देतात, ते मी पाहिले आहे. पण ‘शंभर टक्के नोकरी’ असे ज्या लिहितात, त्यांना हे लिहिण्याचा अधिकार कोणी दिला, हे डीजीसीएने विचारायला हवे. कंपनीच्या विमानाचे चित्र आणि बोधचिन्ह त्यांच्या फलकावर दिसते तेव्हा कंपनीनेही विचारायला हवे.

आता यावर मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे: भरती हा कंपन्यांचा खासगी विषय आहे, डीजीसीए फक्त सुरक्षेचे पाहते. पण २०१७ मध्ये डीजीसीएनेच नियम केला की कप्तानाने नोकरी सोडताना एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी. अचानक राजीनाम्यांनी उड्डाणे कोलमडू नयेत, प्रवाशांचे हाल होऊ नयेत, हे त्याचे कारण. कारण पटण्यासारखे आहे. मग नोकरी सोडण्याचे नियम करता येतात, तर नोकरीच्या अटी जाहीर करण्याचेही करता येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीवारी प्रसिद्ध केली आणि वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही, हेही लपवले नाही. त्या पारदर्शकतेबद्दल मी आपली आभारी आहे. पालकांनी ती यादी माझ्याकडून मागून नेली. आता तिच्या पुढचे पाऊल हवे.

माझ्या मागण्या अशा :

१. प्रत्येक विमान कंपनीने दर वर्षी एक भरती पत्रक काढावे. पुढच्या बारा महिन्यांत नवे सहवैमानिक अंदाजे किती, त्यातले कॅडेट योजनेतून किती आणि खुल्या भरतीतून किती, टाइप रेटिंग लागेल का आणि कोणत्या विमानाचे, परवाना किती जुना चालेल, बारावीची टक्केवारी किती. अंदाज चुकला तर समजून घेऊ. अंदाजच नसणे नको. मागच्या वर्षीचे प्रत्यक्ष आकडेही त्यातच असावेत.

२. हे पत्रक प्रत्येक उड्डाण प्रशिक्षण संस्थेने प्रवेश अर्जाला जोडावे आणि पालकाची सही घ्यावी. क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय नोंदणी शुल्कापलीकडे एकही रुपया घेऊ नये.

३. डीजीसीएच्या श्रेणीवारीत त्या संस्थेतून परवाना घेतलेल्यांपैकी किती जणांना दोन वर्षांत नोकरी मिळाली, हा आकडा यावा.

४. नाकारलेल्या उमेदवाराला लेखी कारण मिळावे. क्षमता चाचणीत प्रत्येक विभागाचे गुण, केबिन क्रूला कोणती अट पूर्ण झाली नाही याची एक ओळ. एवढे पुरे आहे.

५. केबिन क्रूच्या प्रत्येक शारीरिक अटीपुढे तिचे कामाशी नाते लिहावे: हाताची पोच, वजन, दृष्टी. जे नाते लिहिता येत नाही, ती अट काढावी. भाजल्याचे, शस्त्रक्रियेचे, पांढऱ्या कोडाचे डाग हे कारण असू नये. लग्न आणि मूल यांविषयीचे प्रश्न मुलाखतीत विचारू नयेत, असे कंपन्यांनी लेखी जाहीर करावे.

६. मोजता येणाऱ्या अटींची छाननी ऑनलाइन, आधीच व्हावी. मुलीने रात्रीचा प्रवास करून यावे ते निवडीच्या पुढच्या टप्प्यासाठी.

७. डीजीसीए आणि कंपन्यांनी मिळून मराठीसह सर्व भारतीय भाषांत ठळक सूचना काढावी: केबिन क्रूच्या नोकरीसाठी कोणताही डिप्लोमा लागत नाही, भरतीसाठी कोणीही पैसे घेऊ शकत नाही, तक्रार इथे करा. ही सूचना वर्तमानपत्रांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत पाठवावी. आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर मी ती स्वतः लावीन.

यातल्या एकाही मागणीने कोणाला नोकरी मिळणार नाही, हे मला कळते. माझ्या मुलीलाही नाही. ती सध्या एका प्रशिक्षण संस्थेत ग्राउंड क्लासला शिकवते आणि पुढच्या भरतीची वाट पाहते. तिला हे काम हवे आहे आणि ती त्यासाठी लायक आहे, हे तिच्या परीक्षकांनी कागदावर लिहून दिले आहे. ज्या कंपनीला ती नको असेल त्या कंपनीने नाही म्हणावे, कारण सांगून म्हणावे.

हे पत्रक पुढच्या बारावीच्या निकालाआधी निघावे, कारण प्रवेशाचे पैसे त्याच आठवड्यांत भरले जातात. ते निघेपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एवढे सांगणार आहे: आधी मुलाची क्लास वन तपासणी करून घ्या. संस्थेची डीजीसीए श्रेणी बघा. परवान्याचा, टाइप रेटिंगचा आणि पुढची दोन वर्षे परवाना जिवंत ठेवण्याचा खर्च एकत्र मांडा. केबिन क्रूसाठी कोणालाही पैसे देऊ नका, थेट कंपनीकडे अर्ज करा. आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असे जो म्हणेल, त्याच्याकडून ते शिक्का-सहीनिशी लिहून मागा.

आपल्या उत्तराच्या अपेक्षेत,

एक शिक्षिका आणि एका वैमानिकाची आई
अचलपूर, जि. अमरावती